काचगोळ्यांचे घराणे



टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला काचेचा गोळा आपल्या कचेऱ्यांतून कोणी पाहिला नाही, असे होणार नाही. डोक्यावर पंखा गरगरत असतो, समोर फायलींचा ढीग असतो, आणि त्या ढिगावर तळाशी चपटा, वर घुमटाकार, आत चारदोन बुडबुडे किंवा रंगीत पाकळ्या असलेला तो पेपरवेट बसलेला असतो. साहेब बोलता बोलता तो भोवऱ्यासारखा फिरवतात. त्याची किंमत कोणी विचारीत नाही, आणि तो कोणी केला हेही कोणाला ठाऊक नसते. आज आमच्या बोलण्याचा विषय हाच काचगोळा आहे. फक्त तो आपल्या कचेरीतला नाही. तो स्कॉटलंडमधील पर्थ, क्रीफ आणि विक या ठिकाणी विसाव्या शतकात तयार झालेला आहे.

इतक्या दूरच्या वस्तूची उठाठेव इथे का, असे कोणी विचारील. विलायतेत वीस-तीस वर्षे नोकरी करून परतलेल्या आपल्या डॉक्टर व इंजिनिअर मंडळींच्या घरी हे गोळे कधी कधी दिसतात. कोणाला ते निरोपसमारंभात मिळालेले असतात, कोणी सुटीत हौसेने घेतलेले असतात. तिकडेच स्थायिक झालेल्यांच्या घरी तर ते अधिकच. पुढे कपाट मुलांच्या वाट्याला येते आणि प्रश्न सुरू होतात: हे आहे काय, केले कोणी, आणि विकले तर काही येतील का? अशा वेळी वारस दोन गोष्टी मोठ्या विश्वासाने सांगतात. एक म्हणजे वस्तू जुनी आहे. आणि दुसरी, सोबत छापील प्रमाणपत्र आहे. आमच्या मते या दोहोंपैकी एकानेही प्रश्न सुटत नाही. गोळा कोणाच्या हातचा आहे, यावर सारे अवलंबून आहे. आणि तो हात ओळखायचा, तर एका कुटुंबाचा आणि त्याच्या फाटाफुटीचा इतिहास माहीत हवा. आपल्याकडे गवयाचे घराणे त्याच्या गळ्यावरून ओळखतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

आधी थोडे मागे जाऊ. रंगीत काचफुलांचे गोळे करण्याची खरी लाट आली ती १८४५ च्या सुमारास, फ्रान्समध्ये. बाकारा, सें-लुई आणि क्लिशी हे तीन कारखाने त्यात अग्रगण्य. पंधरावीस वर्षांत ती लाट ओसरली. या फ्रेंच गोळ्यांच्या मागे पुढे राजेरजवाडे लागले. इजिप्तचा पदच्युत राजा फारुख याचा संग्रह १९५४ साली कैरोत लिलावात निघाला, त्यात हे गोळेही होते. १९९० साली न्यूयॉर्कच्या लिलावात क्लिशीच्या एका गोळ्याला अडीच लाख डॉलरांहून अधिक बोली लागली. वारसांच्या डोक्यात बसलेल्या आकड्यांचा उगम बहुधा अशा बातम्यांत असतो. स्कॉटलंडचे गोळे मात्र या लाटेतले नाहीत. ते जवळजवळ ऐंशी वर्षांनी नंतरचे. तेव्हा पणजोबांच्या काळचा स्कॉटिश रंगीत गोळा म्हणून कोणी काही दाखवू लागले, तर सावध व्हावे हे बरे.

हा गोळा होतो कसा, हे कळल्याखेरीज त्याची परीक्षा करता येत नाही. वितळलेल्या काचेचा एक रंगाचा गोळा घेतात, त्यावर दुसऱ्या रंगाचा थर देतात, नक्षीदार साच्यात दाबतात, पुन्हा थर. मग त्याची दोन टोके दोन माणसे धरतात आणि एकमेकांपासून दूर चालत जातात. काच ओढली जाऊन पेन्सिलीइतकी बारीक, कित्येक हात लांब कांडी तयार होते. पण आतली नक्षी आकसूनही जशीच्या तशी राहते. आपली अळूवडी डोळ्यांसमोर आणा. उंडा बाहेरून हिरवा दिसतो, पण कापला की प्रत्येक कापावर तेच वेटोळे. कांडीच्याही अशाच चकत्या पाडतात, त्या चिमट्याने एकेक करून लोखंडी कड्यात रचतात, तापवतात आणि वितळलेल्या काचेने उचलून वर स्वच्छ काचेचा घुमट चढवतात. हजार फुले या अर्थाच्या इटालियन शब्दावरून या कामाला मिलेफिओरी म्हणतात. दुसरा प्रकार असा की ज्योतीवर रंगीत काच वितळवून पाकळ्या, पाने, फुलपाखरे घडवायची आणि ती घुमटात कोंडायची. शेवटी गोळा लोखंडी सळईपासून तोडतात. तिथे तळावर एक व्रण राहतो. काही कारागीर तो घासून गुळगुळीत करतात, काही तसाच ठेवतात. मग गोळा खास भट्टीत तासन् तास हळूहळू निववावा लागतो, नाहीतर तो आपोआप तडकतो. व्रणाची आणि कांडीची ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

आता मूळ पुरुष. साल्वादोर इसार्ट हा बार्सिलोनाचा काचकामगार, जन्म १८७८ चा. पोट भरण्यासाठी तो कुटुंबासह फ्रान्समध्ये गेला, आणि पहिले महायुद्ध चालू असता १९१५ साली तेथून स्कॉटलंडला आला. एडिंबरो, ग्लासगो असे करीत १९२२ मध्ये तो पर्थ येथील मॉनक्रीफ यांच्या कारखान्यात रुजू झाला. हा कारखाना शोभेच्या वस्तूंचा मुळीच नव्हता. बॉयलरमधील पाण्याची पातळी दाखवणाऱ्या जाड नळ्या आणि प्रयोगशाळेतील भांडी हा त्यांचा व्यवसाय. १९०८ साली लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून तळेगावचा पैसा फंड काच कारखाना उभा राहिला, त्याची आठवण आपल्याला येथे होते. तेथेही उपयोगाची काच आधी, शोभा नंतर. पर्थमध्ये शोभेला वाट करून दिली ती मालकांच्या पत्नी इझोबेल मॉनक्रीफ यांनी. या स्पॅनिश कारागिराच्या हातात काय आहे हे त्यांनी ओळखले, आणि १९२४ मध्ये रंगीत फुलदाण्या, वाडगे, दिवे यांचे एक नवे काम सुरू झाले. मॉनक्रीफचा ‘मोन’ आणि इसार्टचा ‘आर्ट’ मिळून त्याचे नाव पडले मोनार्ट. मालक आणि कामगार यांची नावे एका शब्दात अर्धी अर्धी गुंफलेली आहेत, असे औद्योगिक इतिहासात फारसे आढळत नाही.

साल्वादोरचे चार मुलगे याच भट्टीपाशी वाढले: पॉल, व्हिन्सेंट, ऑगस्टीन आणि अंत्वान. पेपरवेट हा त्यांच्या कामाचा जोडधंदा होता. मुख्य माल फुलदाण्यांचाच. पण थोरला पॉल, जन्म १९०४ चा, या जोडधंद्यात रमला. १९३० नंतरच्या दशकात त्याने फुलपाखरे, मासे, साप, फुलांचे गुच्छ असलेले जे गोळे केले, ते पाहिल्यावर फ्रेंचांची विद्या मेली नव्हती, झोपली होती, असेच वाटते. त्याच्या फुलपाखरांच्या अंगात सोनेरी चमचम दिसते. ती तांब्याच्या बारीक कणांमुळे येते. पॉलने आणखी एक गोष्ट केली. आपल्या चांगल्या गोळ्यांत त्याने ‘पी.वाय.’ या आद्याक्षरांची कांडीची चकती बसवली. ही त्याची सही. बापाने आणि भावांनी असे काही केले नाही.

या एवढ्याशा फरकाने पुढे केवढा अनर्थ झाला पाहा. पुष्कळ वर्षे असे समजले जाई की पर्थचा चांगला गोळा म्हणजे पॉलचा, आणि बिनसहीचा म्हणजे कोणातरी सामान्याचा. वस्तुतः बिनसहीच्या गोळ्यांत साल्वादोरच्या हातचेही आहेत, भावांचेही आहेत, आणि पॉलचे स्वतःचेही आहेत. अभ्यासकांनी हा गुंता सोडवायला घेतला तो कांड्यांच्या आधाराने. एका कांडीच्या शेकडो चकत्या पडतात. तेव्हा सही असलेल्या गोळ्यात दिसलेली नेमकी तीच चकती बिनसहीच्या गोळ्यात सापडली, तर दोन्ही एकाच कारखान्यातले म्हणता येतात. पण येथेही एक मेख आहे. कांड्या या उंबरठा ओलांडू शकतात. माणूस कारखाना सोडून गेला की त्याची कला त्याच्याबरोबर जाते, आणि कधी चार कांड्याही जातात. म्हणून चकतीवरून फार तर घराणे ठरते. घराण्यातला नेमका कोण, हे रचनेवरून, रंगावरून आणि तळाच्या घासणीवरून ठरवावे लागते, आणि कित्येकदा ते ठरत नाहीच. जो दुकानदार बिनसहीच्या गोळ्यावर बोट ठेवून ‘हा पॉलचाच’ असे ठासून सांगतो, त्याच्याकडे पुराव्याची मागणी करावी.

दुसऱ्या महायुद्धाने हे घर फोडले. शोभेचे काम थांबले, अंत्वान १९४२ साली ऐन तारुण्यात वारला. युद्धानंतर साल्वादोरने व्हिन्सेंट आणि ऑगस्टीन यांना घेऊन पर्थमध्येच स्वतःची भट्टी घातली; पॉल मात्र मॉनक्रीफकडेच राहिला. बापलेकांत नेमके काय झाले यावर तर्क लढवण्याचे कारण नाही. आपल्याकडील वाड्यांच्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना फार सांगायला नको. नव्या भट्टीच्या मालाला नाव दिले व्हासार्ट. त्यात व्हिन्सेंट, ऑगस्टीन आणि साल्वादोर यांची आद्याक्षरे आहेत. पॉलचे आद्याक्षर त्यात नाही.

व्हासार्टचे गोळे मोनार्टच्या मानाने साधे. रंग फिकट, दुधी. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पीळदार काचेच्या रेषांनी केलेले भाग, आणि त्यांत चकत्यांची फुले. यांच्या फुलदाण्यांच्या तळावर ‘व्हासार्ट’ ही अक्षरे कोरलेली असतात. गोळ्यांवर मात्र पुष्कळदा फक्त कागदी चिठ्ठी असे. घरात साफसफाई होते, मोलकरीण गोळा घासून पुसून लख्ख करते, आणि त्याबरोबर त्याची ओळखही पुसली जाते. अशा किती चिठ्ठ्या आजवर गेल्या असतील, कोण सांगणार?

साल्वादोर १९५५ साली वारला, आणि त्याच्यामागून थोड्याच काळात ऑगस्टीनही. उरलेल्या व्हिन्सेंटला आधार मिळाला तो टीचर नावाच्या व्हिस्कीवाल्यांचा. या कंपनीच्या रिकाम्या बाटल्या तापवून चपट्या करायच्या आणि त्यांच्या राखदाण्या करायच्या, हे काम व्हासार्टकडे होते. साल्वादोरच्या भट्टीवर ही वेळ यावी याचे कोणाला वाईट वाटेल. पण त्या राखदाण्यांनीच भट्टी पेटती ठेवली, हेही खरे. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास हा कारखाना क्रीफ येथे नव्या जागेत गेला आणि त्याचे नाव स्ट्रॅथर्न झाले. त्यांच्या काचमालाच्या तळावर उडी मारणाऱ्या सामन माशाचा ठसा आढळतो.

याच कारखान्याची व्यवस्था पाहणारे स्टुअर्ट ड्राइसडेल हे पेशाने वकील. एका अमेरिकन मासिकात जुन्या फ्रेंच गोळ्यांची रंगीत चित्रे त्यांच्या पाहण्यात आली, आणि आपले कारागीर हे का करू शकणार नाहीत, या विचाराने त्यांना पछाडले. १९६८ मध्ये काही कारागीर बरोबर घेऊन त्यांनी क्रीफमध्येच पर्थशायर पेपरवेट्स हा कारखाना काढला. फक्त पेपरवेट, आणि तेही नेटके, हा त्यांचा बाणा. आमच्या मते सर्व स्कॉटिश गोळ्यांत घासणीची आणि रचनेची सफाई यांच्याइतकी सातत्याने कोणी राखली नाही. यांच्या गोळ्यांत ‘पी’ या अक्षराची चकती असते. काहींत वर्ष दाखवणारे अक्षर किंवा आकडेही. २००२ साली हा कारखाना बंद पडला. मात्र येथे शिकलेली मंडळी आपापल्या भट्ट्या घालून काम करीत राहिली. जॉन डीकन्स यांची ‘जे.डी.’ ही चकती वर्षासह दिसते.

तिकडे पॉलचे काय झाले? मॉनक्रीफने मोनार्टचे काम १९६१ मध्ये कायमचे बंद केले. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक गावी, रोजगार निर्माण व्हावा म्हणून त्याच सुमारास केथनेस ग्लास हा कारखाना निघाला होता. तेथे १९६३ मध्ये पॉल नव्या मुलांना शिकवण्यासाठी गेला. आयुष्यभर मिळवलेली विद्या त्याने त्या वाऱ्याच्या गावात कोळ्या-शेतकऱ्यांच्या मुलांना दिली, आणि विल्यम मॅन्सन, पीटर होम्स यांच्यासारखे पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आलेले कारागीर तेथून बाहेर पडले. १९७० नंतर पॉलने विकजवळ हारलंड येथे स्वतःची कर्मशाळा काढली. तेथील गोळ्यांत ‘एच’ अक्षराची चकती आढळते. १९९१ मध्ये तो वारला.

केथनेसने मात्र वाट बदलली. कॉलिन टेरिस हे मुळात काचेवर कोरीव काम करणारे. फुलापानांऐवजी धूर, भोवरे, बुडबुडे आणि रंगांचे पडदे यांतून आकाश उभे करण्याची कल्पना त्यांची. १९६९ मध्ये ग्रहांच्या नावांचा चार गोळ्यांचा संच निघाला. त्याची मर्यादा पाचशे संचांची. येथूनच मर्यादित आवृत्ती, क्रमांक आणि प्रमाणपत्र यांचा जमाना सुरू झाला. केथनेसच्या तळावर नाव, गोळ्याचे शीर्षक आणि बहुधा क्रमांक कोरलेला असतो. त्यामुळे ओळखण्यास सर्वांत सोपे गोळे हेच. आणि आपल्याकडे येणाऱ्या गोळ्यांत भरणाही यांचाच.

ओळखण्याची रीत आता सहज सांगता येईल. गोळा प्रथम हातात घेऊन उलटा करावा. तळ आधी पाहावा. वरचे सौंदर्य पळून जात नाही. व्रण तसाच आहे की घासलेला, काही कोरले आहे का, ठसा आहे का, चिठ्ठीचा तुकडा चिकटून आहे का. मग भिंगाने प्रत्येक चकती पाहावी. सही नेहमी मधोमध असते असे नाही, ती कडेला किंवा खालच्या बाजूसही दडलेली असते. फ्रेंच गोळा असल्याची शंका आली तर विशिष्ट गुरुत्व काढावे, शाळेत शिकलेला आर्किमिडीज येथे कामाला येतो. समजा गोळ्याचे वजन ५०० ग्रॅम आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर पाण्याचे भांडे ठेवावे, आणि दोऱ्याने बांधलेला गोळा तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. काटा जितके ग्रॅम वाढला त्याने वजनाला भागावे. वाढ २०० असेल तर उत्तर २.५, म्हणजे साधी काच. १६० असेल तर ३.१ च्या वर, म्हणजे शिशाची जड काच. बाकारा आणि सें-लुई यांची काच शिशाची, सबब २.५ चा गोळा त्यांचा असणार नाही. कागदी चिठ्ठी असेल तर मात्र हा प्रयोग मुळीच करू नये.

चकतीवरील अक्षरे आणि आकडे यांवरही आंधळा विश्वास नको. १८४८ हे वर्ष असलेले काही इंग्रजी गोळे आणि दौती लोक पुष्कळ काळ लंडनच्या जुन्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याचे मानीत. पुढे अभ्यासकांना दिसून आले की ते विसाव्या शतकात बर्मिंगहॅमकडे झालेले आहेत. १९३० च्या सुमारास चीनमध्येही जुन्या पाश्चात्त्य गोळ्यांच्या नकला झाल्या. त्यांची काच किंचित हिरवट आणि स्पर्शाला साबणासारखी लागते. आणि ज्या ‘पी.वाय.’ सहीवर सगळे भिस्त ठेवतात, तिच्याही खोट्या चकत्या बाजारात आल्या आहेत. ज्या नाण्याला किंमत असते, तेच खोटे पाडले जाते.

राहिला प्रश्न किमतीचा. एकाच गोळ्याच्या किमती तीन. दुकानात तसाच दुसरा घ्यायचा तर जे पडतील ते विम्यासाठी धरतात. ती सर्वांत मोठी. लिलावात मिळेल ती तिच्याहून पुष्कळ कमी, त्यातूनही लिलाववाल्याचे कमिशन वजा. आणि व्यापारी रोख देईल ती बहुधा त्याहूनही खाली. ब्रिटनमध्ये वारसा-करासाठी मृत्युदिनी खुल्या बाजारात जे आले असते ते धरले जाते. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ पासूनच रद्द आहे, त्यामुळे आपल्या वारसांना ती गणिते नाहीत. विम्याच्या जुन्या कागदावरचा आकडा हाच बाजारभाव समजून भावाभावांत वाटणीचे भांडण लावणारे आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे खुलासेवार सांगितले.

मर्यादित आवृत्तीचे म्हणाल, तर मर्यादा किती, ते पाहावे. दीड हजार, तीन हजार गोळे ज्याचे निघाले आणि ज्यांनी ते घेतले त्यांनी डबीसह जपून ठेवले, ती वस्तू दुर्मिळ कशी होणार? केथनेसच्या साध्या गोळ्याला आज ब्रिटनमध्ये दहा-वीस पौंडही कष्टाने मिळतात. उलट पॉल इसार्टचा खरी सही असलेला चांगला गोळा काही शे पौंडांना जातो, आणि त्याला प्रमाणपत्र कधीच नव्हते. पर्थशायरचे सुरुवातीचे, छोट्या आवृत्तीतले गोळे या दोहोंच्या मध्ये, काही बरेच वर. सर्वांत अन्याय झाला आहे तो साल्वादोरवर आणि व्हिन्सेंटवर. सही नाही, चिठ्ठी गेली, म्हणून यांचे गोळे अजूनही किरकोळ सामानाच्या टोपलीत सापडतात. ज्याला ओळखता येते तो ते तेथून उचलतो.

किंमत घटवणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे टवका आणि दुसरी म्हणजे टवका घालवण्यासाठी केलेली घासणी. घासल्याने घुमट बसका होतो, आतली फुले कडेला आल्यासारखी दिसतात, आणि जाणकार एका नजरेत ते ओळखतो. तेव्हा विकण्यापूर्वी चकचकीत करून आणण्याचा उत्साह आवरावा. कढत पाण्यात धुऊ नये, काच तडकते. कोमट पाणी आणि मऊ फडके पुरे. दोन गोळे एकमेकांवर आपटतील असे एका डब्यात ठेवू नयेत. मालक हयात असतील तर कोणता गोळा कोठे, कधी, कोणाकडून मिळाला, हे त्यांच्याकडून एका वहीत लिहून घ्यावे. डबी, पावती, पत्र जे असेल ते जोडावे. चिठ्ठीला हात लावू नये. आणि खिडकीत, उन्हात तर गोळा ठेवूच नये. घुमट हे भिंगच आहे. त्यातून एकवटलेल्या उन्हाने टेबलावरचा कागद जळतो, पडदे पेटतात, आणि असे प्रकार प्रत्यक्षात घडलेले आहेत.